भोजनान्ते विषं वारि : उरलेले तीन चरण

जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर निदान तासभर तरी पाण्याला शिवू नये, हा सल्ला अलीकडे मराठी घरांत इतका रुळला आहे की पाहुण्यांच्या पानाशेजारी पाण्याचे भांडे ठेवतानाही यजमानीण आधी विचारून घेते. या सल्ल्याचा आधार म्हणून ‘भोजनान्ते विषं वारि’ हा चरण सांगितला जातो आणि तो बहुधा प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटांच्या नावावर खपवला जातो. पुढे स्पष्टीकरण येते : पाण्याने जठराग्नी विझतो, पोटातले आम्ल पातळ होते, अन्न पचण्याऐवजी सडते आणि त्यातून अनेक व्याधी जडतात. फिरत्या निरोपांपैकी काहींत तर या व्याधींची संख्या १०३ अशी नेमकी दिलेली असते, मात्र त्या १०३ व्याधींची यादी माझ्या वाचनात कधी आलेली नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि संस्कृत शाळेपुरते शिकलो आहे. या सल्ल्यात दोन्ही विषय येत असल्यामुळे तो नीट तपासून पाहावा असे वाटले.

प्रथम श्लोक पाहू. पाणी आणि विष यांचा हा संबंध ज्या श्लोकात येतो, तो चाणक्यनीतीच्या आठव्या अध्यायात आहे आणि पूर्ण श्लोक असा आहे : ‘अजीर्णे भेषजं वारि जीर्णे वारि बलप्रदम् । भोजने चामृतं वारि भोजनान्ते विषप्रदम् ॥’ अजीर्ण झाले असता पाणी हे औषध आहे, अन्न पचल्यावर घेतलेले पाणी बळ देते, भोजन चालू असताना ते अमृत आहे आणि भोजनाच्या शेवटी ते विषासारखे आहे. चार चरणांपैकी तीन पाण्याची स्तुती करतात, त्यांतला एक तर नेमके जेवतानाचे पाणी अमृत ठरवतो, आणि लोकांच्या तोंडी उरला आहे तो केवळ चौथा. ज्या श्लोकाच्या जोरावर जेवतानाचे पाणी बंद केले जाते, तोच श्लोक त्या पाण्याला अमृत म्हणतो, हे एकदा दिसल्यावर हा सल्ला आपल्यापर्यंत कोणत्या मार्गाने आला असेल याविषयी शंका येऊ लागते.

वाग्भटांचे म्हणणे वेगळेच आहे. त्यांच्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागात ‘समस्थूलकृशा भुक्तमध्यान्तप्रथमाम्बुपाः’ असे वचन आहे. जेवणाच्या मध्ये पाणी पिणारे समशरीर राहतात, शेवटी पिणारे स्थूल होतात आणि आधी पिणारे कृश होतात, असा त्याचा अर्थ. येथे विषाचा उल्लेख नाही, रोगांची संख्या नाही आणि जेवताना पिण्याला मनाई तर मुळीच नाही, उलट तोच मध्यम मार्ग म्हणून सांगितला आहे. याच ग्रंथात पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असेही सांगितले आहे. म्हणजे पोटातली एकचतुर्थांश जागा पेयासाठी राखून ठेवणाऱ्या ग्रंथकाराच्या नावावर कोरड्या जेवणाचा पुरस्कार केला जात आहे. भावप्रकाश या दुसऱ्या आयुर्वेदीय ग्रंथातील वचन तर याहून स्पष्ट आहे : ‘अत्यम्बुपानान्न विपच्यतेऽन्नं निरम्बुपानाच्च स एव दोषः’. फार पाणी प्यायल्याने अन्न पचत नाही आणि अजिबात न प्यायल्यानेही तोच दोष घडतो, म्हणून अग्नी वाढावा यासाठी माणसाने वरचेवर थोडेथोडे पाणी प्यावे, असे तो श्लोक पुढे सांगतो. अग्नी विझण्याची भीती घालणाऱ्यांनी हे वाचलेले नसावे, किंवा वाचून बाजूला ठेवले असावे.

ग्रंथ राहू द्या, आपल्या पंगतीची रीत पाहिली तरी तेच दिसते. परंपरेने जेवणारा माणूस पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतो, तळहातावर पाणी घेऊन ‘अमृतोपस्तरणमसि’ म्हणत आपोशन घेतो आणि जेवण संपल्यावर ‘अमृतापिधानमसि’ म्हणत उत्तरापोशन घेतो. अन्नाखाली पाण्याचे आस्तरण आणि अन्नावर पाण्याचेच आच्छादन, अशी ती कल्पना आहे. हे पाणी घोटभरच असते हे मान्य, परंतु भोजनान्तीचे पाणी खरोखरच विष मानले गेले असते तर त्याला अमृत म्हणून रोज दोन वेळा जेवणाच्या अखेरीस घेण्याची रूढी टिकली असती, असे मला वाटत नाही.

माझी आत्या हा सल्ला फार निष्ठेने पाळते. तिच्याकडे जेवायला बसले आणि भाकरीचा घास घशाशी अडकला म्हणून पाण्याकडे हात गेला की ती भांडे बाजूला सरकवते आणि म्हणते, “पाणी नको रे, ताक घे हवं तेवढं.” ते ताक तिने स्वतः घुसळलेले, हिंग-जिरे लावलेले आणि इतके पातळ असते की भांड्याचा तळ दिसतो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. कढी, सार, आमटी, सोलकढी, मठ्ठा, पांढरा आणि तांबडा रस्सा, हे सारे आपण जेवताना वाटी-वाटीने पितो. शिजलेल्या भातातही वजनाने सुमारे सत्तर टक्के पाणी असते आणि कोशिंबिरीतल्या काकडीत पंच्याण्णव टक्के. पाण्याने पचन बिघडते असे म्हणायचे असेल, तर वरणभाताने ते सर्वांत आधी बिघडायला हवे होते. मी हे आत्याला सांगून पाहिले. तिने ऐकून घेतले आणि माझ्या भांड्यात आणखी ताक ओतले.

आता आम्लाकडे वळतो, कारण शिकलेल्या माणसाला पटवणारा भाग तोच आहे. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि रिकाम्या पोटी त्याचा सामू (पीएच) साधारण १.५ ते ३.५ असतो. सामू ही घातांकी मोजपट्टी आहे, म्हणजे सामू एकाने वाढायचा असेल तर आम्लाची तीव्रता दहापट कमी व्हावी लागते. बाहेर चंचुपात्रात सामू २ असलेले १०० मिलिलिटर आम्ल घेतले आणि त्यात पाव लिटर, म्हणजे मोठा पेलाभर पाणी ओतले, तर मिश्रणाचा सामू सुमारे २.५ येतो. अकरावीचा विद्यार्थीही हे गणित करू शकतो. प्रथिने तोडणारे पेप्सिन हे विकर २.५ सामूलाही उत्तम काम करते. तो सामू ३ वर न्यायचा असेल तर त्या १०० मिलिलिटर आम्लात ९०० मिलिलिटर पाणी घालावे लागेल, आणि तेवढे पाणी जेवताना एका दमात कोणी पीत नाही.

जठर हे चंचुपात्र नाही, हा आक्षेप योग्यच आहे, परंतु तो घेतल्याने मूळ दावा आणखी लंगडा पडतो. रिकाम्या पोटी जठरात थोडासाच रस असल्यामुळे तेव्हा प्यायलेल्या पाण्याने सामू खरोखर झपाट्याने चढतो. निरोगी व्यक्तींच्या एका लहान गटावर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पेलाभर पाण्याने सामू मिनिटभरात ४ च्या वर गेल्याचे आढळले, मात्र हा परिणाम तीनेक मिनिटेच टिकला. पाणी जठरातून लवकर पुढे सरकते आणि जठराच्या भित्तिका आम्ल स्रवत राहतात. अन्न पोटात गेले की हा स्राव कितीतरी वाढतो, एका भरपेट जेवणामागे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक जठररस तयार होतो. शिवाय अन्न स्वतःच, विशेषतः त्यातली प्रथिने, आम्ल शोषून घेतात आणि जेवणानंतर काही काळ सामू ४–५ पर्यंत चढवतात. म्हणजे पाणी जे करील अशी भीती घातली जाते, ते वरण, पनीर आणि अंडी रोज करतात, आणि शरीर तेही सांभाळून घेते.

पचनाचा मोठा भाग तर जठरात होतच नाही. तो लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या विकरांमुळे आणि पित्तरसामुळे होतो, आणि तिथले वातावरण आम्लधर्मी नसून किंचित अल्कधर्मी असते. लहान आतड्यात रोज आठ ते नऊ लिटर द्रव येतो आणि त्यातले सुमारे सात लिटर शरीराने स्वतःच स्रवलेले असतात : लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा रस. शौचावाटे बाहेर पडतात ते त्यांतले शे-दोनशे मिलिलिटर, बाकीचे सर्व पुन्हा शोषले जाते. सात लिटर द्रव स्वतः ओतणाऱ्या या व्यवस्थेला आपण वरून दिलेल्या एका पेल्याचे ओझे व्हावे, हे मला पटत नाही. जठरातले आम्ल जपण्याचा आग्रह धरणाऱ्या याच घरांत सकाळी अनशापोटी ‘पित्ताची गोळी’ म्हणून पॅन्टोप्राझोल घेतली जाते, ही गंमत वेगळीच. त्या गोळीचे कामच आम्ल तासन्‌तास कमी ठेवणे हे आहे, आणि ती घेणाऱ्यांचे दुपारचे जेवण पोटात सडत नाही.

थंड पाण्याने तेल गोठते आणि आतड्यांना चिकटून बसते, या दाव्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. सूर्यफुलाचे तेल फ्रीजमध्ये ठेवले तरी पातळच राहते, आणि फ्रीजमधले पाणी पोटात गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत शरीराच्या तापमानाला येते. खोबरेल तेल थिजते खरे, पण ते थिजायला थंडीतली बाटली लागते, सदतीस अंश तापमानाचे पोट नव्हे.

एवढे सारे वाचून कोणी म्हणेल की जुन्या वचनांची अशी मोडतोड आपल्याकडेच होते आणि आधुनिक सल्ले तरी अभ्यासावर उभे असतात. दिवसाला आठ पेले पाणी प्यायलाच हवे, हा नियम घ्या. तो पाळण्यासाठी लोक टेबलावर खुणा केलेल्या बाटल्या ठेवतात आणि दर तासाला मोबाइलची घंटा वाजली की पाणी पितात. या नियमाचा उगम नक्की सांगता येत नसला तरी त्याचा एक संभाव्य धागा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली केलेल्या शिफारशीपर्यंत पोहोचतो. प्रौढ व्यक्तीला दिवसाला बहुतेक वेळा अडीच लिटर पाणी पुरेसे होते, असे त्या शिफारशीत म्हटले होते, आणि त्याच परिच्छेदात पुढे लिहिले होते की यातले बरेचसे पाणी तयार अन्नातूनच मिळते. पुढचे वाक्य गळून पडले आणि अडीच लिटरचा आकडा तेवढा उरला. डार्टमथ येथील मूत्रपिंडविज्ञानाचे अभ्यासक हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ साली या नियमामागचे पुरावे शोधून पाहिले, तेव्हा समशीतोष्ण हवामानात राहणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या निरोगी प्रौढांनी रोज आठ पेले पाणी प्यावे याला शास्त्रीय आधार त्यांना सापडला नाही. विदर्भात मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्याचे गणित अर्थातच वेगळे, त्याला आठ पेले फारच कमी पडतील.

संस्कृत श्लोकाचे आणि अमेरिकी शिफारशीचे नेमके सारखेच झाले आहे. ज्या भागात माप होते, प्रसंग होता, अपवाद होता, तो भाग गळला आणि आज्ञा तेवढी उरली. आज्ञा लक्षात ठेवायला आणि पुढे पाठवायला सोपी असते. म्हणून आहाराविषयीचा एखादा ठाम सल्ला समोर आला की तो खरा की खोटा हे ठरवण्याआधी मी त्याच्या मागचे-पुढचे वाक्य शोधतो. ते पुष्कळदा सापडते, आणि सापडल्यावर सल्ला पूर्णपणे खोटा ठरण्याऐवजी लहान होतो : किती पाणी, कोणी, केव्हा, कशाच्या तुलनेत, या मर्यादा त्याला पुन्हा लागतात. त्यानंतर मी तो सांगणारा काय विकतो हे पाहतो. आठ पेल्यांच्या सल्ल्यामागे बाटलीबंद पाणी विकणारे उभे राहतात, तसे जठराग्नीच्या सल्ल्यामागे अनेकदा चूर्ण विकणारे असतात. विकतो म्हणून खोटेच बोलतो असे नाही, परंतु मग पुरावा जास्त मागावा.

मर्यादा लागल्यावर वाग्भटांच्या वचनाचाही एक भाग निराळा दिसू लागतो. आधी पाणी पिणारा कृश होतो, या म्हणण्याशी जवळीक असलेला एक प्रयोग अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केला. वजन कमी करण्यासाठी मोजका आहार घेणाऱ्या, ५५ ते ७५ वयाच्या ४८ व्यक्तींपैकी काहींनी प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायले आणि बारा आठवड्यांत त्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे दोन किलोने अधिक उतरले. पोट आधीच थोडे भरल्यामुळे जेवण कमी जाते, एवढाच त्याचा सरळ अर्थ. वाग्भटांना हे तेव्हाच ठाऊक होते, असे मात्र मी म्हणणार नाही. ४८ माणसांच्या, तेही कमी खाण्याच्या नियमाखाली असलेल्या ज्येष्ठांच्या प्रयोगावरून सर्वांसाठी नियम काढणे ही पुन्हा तीच मोडतोड झाली. शिवाय ज्या आजोबांना आधीच भूक लागत नाही किंवा जे मूल दोन घासांत उठते, त्यांना जेवणाआधी अर्धा लिटर पाणी पाजणे म्हणजे त्यांचे जेवण चोरणेच.

जेवताना पाण्याचा विचार खरोखर करावा लागणारी माणसे आहेत आणि त्यांची गोष्ट या गोंधळात झाकली जाते. ज्यांचे आम्ल वारंवार घशाशी येते, त्यांना एकाच वेळी भरपूर अन्न आणि भरपूर पाणी घेतल्यास त्रास वाढू शकतो, कारण जठर ताणले जाते. तिथे प्रश्न आम्ल पातळ होण्याचा नसून जागेचा असतो. वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना जेवणानंतर साधारण अर्धा तास द्रव टाळायला सांगितले जाते. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या काही रुग्णांना दिवसभराचेच पाणी मोजून घ्यावे लागते. गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांना पातळ पाणी अन्नापेक्षा धोक्याचे ठरू शकते. या प्रत्येकाला त्याच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला लागू होतो, आणि तो शेजाऱ्याला लागू होत नाही. बाकी धडधाकट माणसाने कोरडी भाकरी, ठेचा आणि झुणका खाताना तहान लागूनही पाण्यावाचून बसणे मला विनाकारण वाटते. सवयीने प्रत्येक घासामागे घोट घेऊन न चावताच गिळणे मात्र टाळावे, ते चावण्यासाठी, आम्लासाठी नव्हे.

पाण्यावर इतका कटाक्ष ठेवताना जेवणासोबतच्या दुसऱ्या एका पेयाकडे सर्रास दुर्लक्ष होते, आणि तिथे पुरावा भक्कम आहे. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते शोषले जात नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भात आणि बटाटा-कांद्याचे सूप अशा जेवणासोबत चहा दिला तेव्हा लोहाचे शोषण चहाविना होते त्याच्या सुमारे एकचतुर्थांशावर आले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये पंडुरोग आढळल्याचे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले गेले आहे. त्यामागे कारणे अनेक आहेत, चहा त्यांपैकी एक छोटेसे, पण हातातले कारण आहे. कार्यालयात दुपारी डबा खाताना पाण्याची बाटली कटाक्षाने दूर ठेवणारे सहकारी डब्याचे झाकण लागताक्षणी चहाच्या टपरीवर उभे असतात, आणि घरोघरी लिंबू पिळलेल्या पोह्यांच्या बशीला चहाचा कप चिकटलेलाच असतो. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते, पण पाठोपाठ आलेला चहा ते शोषण पुन्हा रोखू लागतो. पोहे आणि चहा यांच्यात तासाभराचे अंतर ठेवणे कोणाला जमेल असे मला वाटत नाही, मला स्वतःलाही ते रविवारी जमत नाही. पण ज्या मुलीला किंवा गरोदर स्त्रीला लोहाची गोळी सुरू आहे, तिने ती चहासोबत आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत न घेता साध्या पाण्यासोबत घ्यावी, एवढे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.